दोन पक्षांच्या देशातली सहा पक्षांची निवडणूक

रॉबर्ट सोबेल हे उद्योगधंद्यांच्या इतिहासाचे अमेरिकी अभ्यासक. १९७३ साली त्यांनी ‘फॉर वाँट ऑफ अ नेल’ हे पुस्तक लिहिले. १७७७ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगाच्या लढाईत ब्रिटिश सेनापती बर्गॉइन हरला नसता, तर पुढची दोनशे वर्षे कशी गेली असती, याचा हा कल्पित इतिहास. गंमत अशी की तो कादंबरीच्या नव्हे, विद्यापीठातल्या जाडजूड पाठ्यपुस्तकाच्या थाटात लिहिला आहे. त्यात तळटिपा आहेत, अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची सूची आहे आणि कधीच न झालेल्या निवडणुकांचे पक्षवार तक्ते आहेत. या उत्तर अमेरिकेत देशाचा कारभारी थेट लोकांतून निवडला जात नाही. ज्याच्या मागे सभागृह, त्याच्या हाती कारभार.

अशा निवडणुका कागदावर मांडण्याचा छंद जुनाच आहे. गेल्या काही वर्षांत मात्र तो हौशी लेखकांच्या हातून राज्यशास्त्राच्या अभ्यासकांकडे आला. २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ली ड्रटमन या अभ्यासकाची एक प्रश्नावली छापली. अमेरिकेत सहा पक्ष असते तर वाचक त्यांपैकी कोणत्या पक्षाचा ठरला असता, हे तीतून कळायचे. डावीकडे प्रोग्रेसिव्ह, कामगारांच्या बाजूचा, पण सामाजिक प्रश्नांवर बेताने बोलणारा अमेरिकन लेबर, मध्यावर न्यू लिबरल आणि उद्योग-व्यापाराला मोकळीक हवी म्हणणारा ग्रोथ अँड ऑपर्च्युनिटी, उजवीकडे स्थलांतराला विरोध करणारा पेट्रियट आणि धर्मनिष्ठ ख्रिश्चन कॉन्झर्व्हेटिव्ह. एवढे वेगवेगळे लोक आज दोनच झेंड्यांखाली कोंबलेले आहेत, हे ड्रटमन यांना दाखवायचे होते. गॅलपच्या २०२३ च्या चाचणीत ६३ टक्के अमेरिकनांनी तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज असल्याचे सांगितले.

या चर्चेत तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. मतांच्या जागा कशा करायच्या? सभागृहात पक्ष किती असावेत? आणि सरकारने जाब कोणाला द्यायचा? पहिल्याचे उत्तर निदान प्रतिनिधिगृहापुरते साध्या कायद्याने बदलता येते. तिसऱ्यासाठी घटनादुरुस्ती लागते. दुसऱ्याचे उत्तर कोणी कायद्यात लिहीत नाही, ते उरलेल्या दोहोंवरून आपोआप ठरत जाते. वादात कोण कोणत्या प्रश्नाबद्दल बोलतो आहे हे आधी पाहिले, तर पुष्कळसा गोंधळ कमी होतो.

फिलाडेल्फियात हुकलेली वाट

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कायदेमंडळाने निवडावा, ही कल्पना परकी नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटनापरिषद भरली, तेव्हा तिच्यापुढे चर्चेला आलेल्या व्हर्जिनिया योजनेत नेमके हेच होते. परिषदेने एकदा नव्हे, अनेकदा त्या बाजूने कौलही दिला. सप्टेंबर उजाडला तेव्हा राहिलेले मुद्दे निकालात काढण्यासाठी नेमलेल्या समितीने राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांची व्यवस्था पुढे केली आणि तीच राहिली. कायदेमंडळाने निवडलेला राष्ट्राध्यक्ष कायदेमंडळाच्या ताटाखालचे मांजर होईल, ही धास्ती त्यामागे होती. पक्ष मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते. त्यामुळे संघटित पक्ष उभे राहिल्यावर या यंत्रणेचे काय होईल, याचा विचार झाला नाही.

संसदीय पद्धतीकडे वळण्याचे प्रस्ताव पुढे अधूनमधून येत राहिले. जॉर्ज पेंडलटन यांनी यादवी युद्धाच्या काळात प्रतिनिधिगृहात आणि नंतर सिनेटमध्ये मंत्र्यांना सभागृहात बसून उत्तरे देऊ द्यावीत असे सुचवले. १८८१ मध्ये सिनेटच्या एका समितीने त्याला अनुकूल अहवालही दिला. पुढे काही झाले नाही.

सर्वांत चमत्कारिक प्रकरण वुड्रो विल्सन यांचे. प्रिन्स्टनमध्ये शिकत असतानाच, १८७९ साली, त्यांनी अमेरिकेत ब्रिटिश धर्तीचे मंत्रिमंडळ असावे असा लेख लिहिला. तो ज्या नियतकालिकात आला त्याचे संपादक होते हेन्री कॅबट लॉज. चाळीस वर्षांनी राष्ट्रसंघाच्या प्रश्नावर सिनेटमध्ये विल्सन यांना खिंडीत गाठणारे लॉज ते हेच. १८८५ च्या ‘काँग्रेशनल गव्हर्नमेंट’ या ग्रंथात विल्सन यांनी काँग्रेसच्या समित्यांत विखुरलेल्या, कोणालाच जबाबदार नसलेल्या सत्तेची चिरफाड केली. पुढे त्यांचे मत बदलले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या नेतृत्वावर भिस्त ठेवली. तरी जुनी ओढ पुरती सुटली नव्हती. १९१६ ची फेरनिवडणूक आपण हरलो तर मार्चमधल्या शपथविधीपर्यंत खुर्ची अडवून बसायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. विजयी प्रतिस्पर्धी चार्ल्स ह्यूज यांना परराष्ट्रमंत्री नेमायचे, मग स्वतः आणि उपराष्ट्राध्यक्षांनी राजीनामे द्यायचे, म्हणजे त्यावेळच्या वारसाक्रमानुसार ह्यूज लगेच राष्ट्राध्यक्ष होतील, असा तो बेत होता. विल्सन निवडून आले आणि बेत कागदावरच राहिला.

१९४२ मध्ये पत्रकार हेन्री हॅझलिट यांनी नव्या घटनेची मागणी करणारे पुस्तक लिहिले. १९८० मध्ये कायदेतज्ज्ञ लॉइड कटलर यांनी अमेरिकी पद्धतीत ‘सरकार’ म्हणावे असे काही बनतच नाही, अशी तक्रार मांडली आणि त्यांच्या पुढाकाराने घटनात्मक सुधारणांवर एक समिती बसली. तिचा अहवाल १९८७ मध्ये आला. दोनशे वर्षांत मागणी मेली नाही, पण तिला लोकचळवळीचे रूपही आले नाही.

दोनच पक्ष का?

फ्रेंच अभ्यासक मोरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ मध्ये मांडलेला नियम इथे हटकून सांगितला जातो: एका मतदारसंघातून एकच सदस्य आणि सर्वाधिक मते त्याचा विजय, अशी पद्धत असेल तर पक्ष दोनाकडे सरकतात. तिसऱ्याला दिलेले मत फुकट जाते, मतदार शहाणा होतो आणि पहिल्या दोघांतून निवडतो. अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने एकसदस्यीय मतदारसंघ सक्तीचे केले, ती सक्ती पुढे ढिली पडली, १९६७ मध्ये पुन्हा लागू झाली.

शिक्षा किती कडक असते, त्याची दोन उदाहरणे पुरेत. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मते पडली. निर्वाचक मते शून्य. २००० मध्ये तिसऱ्या पक्षाचे राल्फ नेडर यांनी फ्लोरिडात ९७,४८८ मते घेतली आणि तिथे बुश यांची आघाडी होती ५३७ मतांची. डेमोक्रॅटिक उमेदवाराची मते नेडर यांनी खाल्ली, असा बोभाटा झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षे ‘नेडर’ हे नाव तिसऱ्या पक्षाला गप्प करायला पुरत असे.

पण एकसदस्यीय मतदारसंघ हेच सगळे कारण असते, तर भारतात आणि कॅनडात इतके पक्ष कुठून आले? दोन्हीकडे सर्वाधिक मतांचीच पद्धत आहे. या देशांत प्रादेशिक पक्षाला आपल्या भागात पाय रोवून राष्ट्रीय सत्तेच्या वाटाघाटीत बसता येते, कारण सरकार सभागृहातून बनते. अमेरिकेत सर्वांत मोठे पद एकच आहे आणि ते वाटून घेता येत नाही. शिवाय निर्वाचक मतांत कोणालाच बहुमत, म्हणजे ५३८ पैकी २७० मते, मिळाले नाही, तर बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे प्रतिनिधिगृह पहिल्या तिघांतून राष्ट्राध्यक्ष निवडते. त्या वेळी प्रत्येक राज्याला एकच मत असते: जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक, सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही एक. सहा पक्षांची अध्यक्षीय निवडणूक झाली, तर निकाल या दरवाजाने लागण्याची शक्यता मोठी.

तिसरे कारण प्रायमरीचे. इतर देशांत जो गट वेगळा पक्ष काढील, तो अमेरिकेत मोठ्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, उतरतो. मराठी वाचकांना याचे जवळचे उदाहरण माहीत आहे. मूळचे बेळगावचे उद्योजक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. डेट्रॉइट परिसरातला हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. खरी लढत ऑगस्टमधल्या प्रायमरीत झाली. तिथे नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७१ टक्के मते पडली. बहुपक्षीय वाटावी अशी चुरस आधी आणि एकतर्फी औपचारिकता नंतर, हे चित्र अमेरिकेतल्या असंख्य मतदारसंघांत दिसते.

१९१२ चा ताळा

कल्पित निवडणुकीसाठी सर्वांत चांगला कच्चा माल १९१२ च्या खऱ्या निवडणुकीत आहे. रिपब्लिकन पक्ष फुटला होता. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतःचा प्रोग्रेसिव्ह पक्ष घेऊन विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्याविरुद्ध उभे ठाकले आणि समाजवादी युजीन डेब्ज चौथे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या विल्सन यांना ४१.८ टक्के मते मिळाली, रूझवेल्ट यांना २७.४, टाफ्ट यांना २३.२ आणि डेब्ज यांना ६. निर्वाचक मते अनुक्रमे ४३५, ८८, ८ आणि शून्य.

हीच मते ४३५ जागांच्या सभागृहात सरळ प्रमाणात वाटली, तर विल्सन यांच्याकडे सुमारे १८२, रूझवेल्ट यांच्याकडे ११९, टाफ्ट यांच्याकडे १०१ आणि डेब्ज यांच्याकडे २६ जागा येतात. उरलेल्या किरकोळ पक्षांच्या. बहुमताला हव्यात २१८. विल्सन आणि डेब्ज एकत्र आले तरी २०८ वर अडतात. रूझवेल्ट आणि टाफ्ट मिळून २२० होतात, म्हणजे दोन जागा वर. पण या दोघांनी त्याच वर्षी एकमेकांचे जाहीर वाभाडे काढले होते. रूझवेल्ट यांना सरकार हवे असते, तर टाफ्ट यांच्या दारी जावे लागले असते किंवा विल्सन यांच्याशी मक्तेदारी उद्योगांच्या प्रश्नावर तडजोड करावी लागली असती. प्रत्यक्षात विल्सन यांनी एकट्याने सत्ता घेतली आणि दोन वर्षांत मध्यवर्ती बँकव्यवस्था, आयकर आणि मक्तेदारीविरोधी कायदा अशी मोठी कामे उरकली. सर्वाधिक मतांच्या पद्धतीचे समर्थक याच निष्पत्तीकडे बोट दाखवतात.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत. पद्धत बदलली की मतदारही बदलतो. फुकट जाणार नाही हे कळल्यावर डेब्ज यांची मते ६ टक्क्यांवर थांबली असती असे नाही. दुसरी मर्यादा अधिक कडवट आहे. दक्षिणेत विल्सन यांना मिळालेल्या एकगठ्ठा पाठिंब्यामागे कृष्णवर्णीयांचा हिरावलेला मताधिकार होता आणि बहुतेक राज्यांत स्त्रियांना मतच नव्हते. जागावाटपाचे कोणतेही सूत्र मतदारयादीच्या बाहेर ठेवलेल्यांना आत आणत नाही.

घरचेच प्रयोग

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, अमेरिकेला नवे नाही. ते तिथे रुजले, फळले आणि बहुतेक ठिकाणी उपटलेही गेले.

इलिनॉय राज्यात १८७० पासून १९८० पर्यंत विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातून तीन सदस्य निवडले जात. मतदाराला तीन मते. ती तिघांना वाटावीत किंवा सगळी एकालाच द्यावीत. त्यामुळे अल्पमतातला पक्षही आपली मते एकवटून जवळजवळ प्रत्येक मतदारसंघातून एखादा माणूस पाठवू शके. शिकागोतून रिपब्लिकन आणि ग्रामीण भागातून डेमोक्रॅट येत. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीतही बहुसदस्यीय मतदारसंघांसाठी मते एकवटण्याची हीच पद्धत होती. इलिनॉयमध्ये ती संपली ती तात्त्विक वादातून नव्हे. आमदारांच्या पगारवाढीवर लोक भडकले होते. सभागृह १७७ वरून ११८ वर आणणारी दुरुस्ती १९८० मध्ये मंजूर झाली आणि तिच्याबरोबर बहुसदस्यीय मतदारसंघही गेले.

न्यूयॉर्क शहराचा अनुभव अधिक बोलका आहे. १९३५ च्या निवडणुकीनंतर नगरमंडळाच्या ६५ पैकी ६२ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे होत्या, मते मात्र सुमारे दोन तृतीयांश. १९३६ मध्ये मतदारांनी पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत स्वीकारली आणि १९३७ मध्ये ती वापरात आली. प्रत्येक ७५,००० मतांमागे एक सदस्य, असा हिशेब होता. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले. १९४५ मध्ये २३ जणांच्या सभागृहात डेमोक्रॅट १४, रिपब्लिकन ३ आणि अमेरिकन लेबर, लिबरल व कम्युनिस्ट प्रत्येकी २ होते. हे दोन कम्युनिस्टच पद्धतीच्या मुळावर आले. शीतयुद्धाचे वारे वाहू लागले होते. १९४७ मध्ये मतदारांनी ती रद्द केली. १९४९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे २५ पैकी २४ जागा परत आल्या.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात हीच पद्धत १९४१ पासून आजतागायत चालू आहे. तिथे नऊ नगरसेवक अख्ख्या शहरातून निवडले जातात. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो. एकूण वैध मतांना दहाने भागून एक मिळवायचा, तो झाला कोटा. कोट्याहून जास्त मते पडलेल्याची जादा मते पुढच्या पसंतीकडे वळतात. सर्वांत खाली असलेला बाद होतो आणि त्याचीही मते पुढे जातात. नऊ जण ठरेपर्यंत हे चालते. १९९७ मध्ये संगणक आला. त्याआधी हाताने चालणारी ही मोजणी कित्येक दिवस रेंगाळे आणि राजकारणात रस असलेली मंडळी तिथे ठिय्या देऊन बसत. पुण्यासारख्या महापालिकांतल्या चारसदस्यीय प्रभागाशी याची गल्लत होऊ नये. आपल्याकडे प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत असते, त्यामुळे एकाच पक्षाचे पॅनेल चारही जागा नेऊ शकते. केंब्रिजमध्ये बहुमताला ते साधत नाही.

राज्यशास्त्रज्ञ जॅक सांतुच्ची यांनी या शहरी प्रयोगांचा सविस्तर अभ्यास केला आहे. त्यांच्या मते ही पद्धत येते ती एखाद्या मोठ्या पक्षातला नाराज गट आणि विरोधक एकत्र आल्यावर. ती जाते, जेव्हा ही जोडी तुटते आणि निवडून आलेले सदस्य मतदानात कोणत्याच गटाच्या शिस्तीत राहत नाहीत. म्हणजे पद्धतीला टिकायला खंबीर पक्ष लागतात. पक्षांना वैतागून सुधारणा मागणाऱ्यांना हा निष्कर्ष पचायला जड जातो.

आज कोण काय म्हणतो

पहिला गट राष्ट्राध्यक्षपद तसेच ठेवून फक्त प्रतिनिधिगृह बदलू पाहतो. प्रतिनिधिगृहाचे सदस्य डॉन बायर यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या विधेयकात तीन ते पाच सदस्यांचे मतदारसंघ आणि पसंतीक्रमाचे मतदान आहे. मॅसॅच्युसेट्सच्या नऊही जागा आज डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहेत, तरी २०२४ मध्ये तिथल्या ३६ टक्के मतदारांनी ट्रम्प यांना मत दिले. तिथून रिपब्लिकन उमेदवार प्रतिनिधिगृहावर शेवटचा गेला १९९४ च्या निवडणुकीत. ओक्लाहोमाच्या पाचही जागा रिपब्लिकन पक्षाकडे आणि हॅरिस यांना मते जवळजवळ ३२ टक्के. प्रमाणशीर वाटपात मॅसॅच्युसेट्सचे तीन रिपब्लिकन आणि ओक्लाहोमाचे एक-दोन डेमोक्रॅट सभागृहात दिसले असते. मतदारसंघ मोठे झाले की सीमारेषा वाकवून जागा लाटण्याचा फायदाही आटतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पक्षीय फेरआखणीत केंद्रीय न्यायालये पडणार नाहीत असे ठरवले. २०२५ मध्ये टेक्सासने पाच जागांवर डोळा ठेवून नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाने जनमताने उलट नकाशा काढून उत्तर दिले, तेव्हा या युक्तिवादाला धार आली. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासकांनी प्रमाणशीर पद्धतीची मागणी करणारे खुले पत्र लिहिले होते.

दुसरा गट म्हणतो, एवढ्याने भागणार नाही. मेरीलँड विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक मॅक्सवेल स्टर्न्स यांनी २०२४ च्या ‘पार्लमेंटरी अमेरिका’ या पुस्तकात तीन घटनादुरुस्त्या सुचवल्या. प्रतिनिधिगृहाची संख्या दुप्पट करून मिश्र प्रमाणशीर पद्धत, म्हणजे काही सदस्य मतदारसंघांतून आणि काही पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, आणायची. राष्ट्राध्यक्ष सभागृहातल्या पक्षांच्या आघाडीने निवडायचा. आणि ६० टक्के मतांच्या अविश्वास ठरावाने त्याला काढता यावे. त्यांचे म्हणणे असे की बहुपक्षीय सभागृहापुढे लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष ठेवला, तर दोघेही जनादेशाचा दावा करत एकमेकांना अडवतात.

तिसरा गट दोन पक्षांचा समर्थक आहे, पण आजच्या दोन पक्षांचा नव्हे. अमेरिकी राज्यशास्त्र परिषदेच्या समितीने १९५० मध्येच अधिक शिस्तबद्ध, कार्यक्रमाला बांधील अशा दोन पक्षांची मागणी केली होती. फ्रान्सिस रोझेनब्लुथ आणि इयान शापिरो या अभ्यासकांनी २०१८ मध्ये ती भूमिका नव्याने मांडली. निवडणुकीआधी व्यापक आघाडी बांधणारा मोठा पक्ष सगळ्या समाजाचा खर्च-फायदा मोजतो; छोटे पक्ष आपल्या गटापुरते पाहतात आणि बिल इतरांवर फाडतात, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या लेखी दुखणे पक्षांच्या संख्येत नाही, प्रायमरीमुळे दुबळ्या झालेल्या पक्षनेतृत्वात आहे.

चौथा गट छोट्या पावलांचा. मेन राज्याने २०१६ मध्ये पसंतीक्रमाचे मतदान स्वीकारले, अलास्काने २०२० मध्ये खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम. अलास्कात २०२२ च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन सारा पेलिन यांना मागे टाकून डेमोक्रॅट मेरी पेल्टोला निवडून आल्या. न्यूयॉर्कमध्ये छोटा पक्ष मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला आपल्या नावाखाली उभे करू शकतो. बहुतेक राज्यांनी ही मुभा शतकापूर्वीच काढून घेतली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी वैध ठरवली. या सुधारणांतून जागा प्रमाणात वाटल्या जात नाहीत. एकाच जागेसाठीची स्पर्धा थोडी मोकळी होते, इतकेच.

जगाचा दाखला

बहुपक्षीयतेचे समर्थक आणि विरोधक, दोन्ही बाजूंना सोयीचा पुरावा जगात मुबलक आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला जास्त मते आणि नॅशनल पक्षाला जास्त जागा मिळाल्या. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाने २०.७ टक्के मते घेऊन दोन जागा मिळवल्या. १९९३ च्या जनमतात ५३.९ टक्के मतदारांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत निवडली. १९९६ मध्ये पहिल्याच खेपेला सरकार बनायला सुमारे दोन महिने लागले आणि लोक वैतागले; तरी २०११ मध्ये पुन्हा विचारले तेव्हा ५७.८ टक्क्यांनी तीच ठेवली.

उलट बाजूला इस्रायल आहे, जिथे एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच निवडणुका झाल्या. बेल्जियमला २०१०-११ मध्ये सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. सुधारणावाद्यांचे उत्तर असे की त्या काळातही बेल्जियमची कार्यालये काळजीवाहू सरकारखाली उघडी होती. वॉशिंग्टनमध्ये मात्र २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंदाजपत्रक अडल्याने केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस अंशतः बंद राहिले आणि त्यापायी ना कोणी पायउतार झाले, ना निवडणूक लागली.

बहुपक्षीय सभागृह आणि स्वतंत्र राष्ट्राध्यक्ष ही जोडी लॅटिन अमेरिकेत पाहायला मिळते. राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९९० मध्ये अध्यक्षीय पद्धतीचेच धोके दाखवले. स्कॉट मेनवेअरिंग यांनी १९९३ मध्ये तिचा बहुपक्षीयतेशी संसार अवघड असल्याचे मांडले. होसे चेइबुब यांनी २००७ मध्ये उत्तर दिले की ते देश मुळात लष्करी हस्तक्षेपाने पोखरलेले होते, दोष पद्धतीवर ढकलू नये. वादाला खरी कलाटणी मिळाली ती २०२३ मध्ये, जेव्हा मेनवेअरिंग यांनीच ड्रटमन यांच्याबरोबर अमेरिकेसाठी बहुपक्षीय अध्यक्षीय पद्धतीची तरफदारी करणारा अहवाल लिहिला. ब्राझीलसारख्या देशांत राष्ट्राध्यक्ष मंत्रिपदे वाटून आघाड्या चालवतात, हा मधल्या काळातला अनुभव त्यामागे आहे. त्या आघाड्यांची किंमत काय, यावर ब्राझीलमध्येही एकमत नाही.

या सगळ्याला एक चौकट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत दिली होती. अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना करताना त्यांनी स्थैर्य आणि जबाबदारी असे दोन निकष लावले. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त; दोन्ही पुरेपूर देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असे सांगून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिल्याचे त्यांनी स्पष्ट केले. अमेरिकेतल्या आजच्या वादाचा नवा भाग असा की स्थैर्याचा दावाच आता शंकेत आला आहे.

जानेवारी २०२३ हे त्याचे ठळक चित्र. रिपब्लिकन पक्षाकडे काठावरचे बहुमत होते आणि केव्हिन मॅकार्थी यांना सभापती व्हायचे होते. पक्षातल्या विसेक सदस्यांनी अडवून धरले. नावे पुकारून मतदान, पुन्हा निकाल नाही, पुन्हा पुकारा. चौथ्या दिवशी रात्री चौदाव्या फेरीत मॅट गेट्झ यांनी मत देण्याऐवजी फक्त ‘हजर’ म्हटले, तेव्हा पक्षातलेच माइक रॉजर्स त्यांच्या अंगावर धावून गेले आणि सहकाऱ्याने त्यांना मागे ओढले. मध्यरात्र उलटल्यावर पंधराव्या फेरीत मॅकार्थी निवडून आले. बदल्यात एकट्या सदस्यालाही सभापतीला हटवण्याचा ठराव मांडता येईल, अशी अट त्यांनी मान्य केली होती. ऑक्टोबरमध्ये आठ रिपब्लिकन डेमोक्रॅटांसोबत गेले आणि २१६ विरुद्ध २१० मतांनी ते हटले. नवा सभापती मिळायला तीन आठवडे गेले. छोट्या घटक पक्षाने पाठिंबा काढून सरकार पाडावे तसाच हा प्रकार. फक्त पडले ते सरकार नव्हते आणि पर्यायी आघाडी बांधण्याची वाटही कोणाला नव्हती.

न सुटलेल्या गाठी

सर्वांत घट्ट गाठ सिनेटची. घटनेच्या पाचव्या कलमाप्रमाणे कोणत्याही राज्याचे सिनेटमधले समान स्थान त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही. प्रतिनिधिगृहात सहा पक्ष आले तरी प्रत्येक राज्यातून दोनच, तेही वेगवेगळ्या वेळी निवडून येणारे सिनेटर राहणार आणि तिथे दोन पक्षांचाच पगडा टिकणार. असे सिनेट आघाडी सरकारची विधेयके अडवू लागले तर काय, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच आराखड्यात नाही. स्टर्न्सही सिनेटला हात लावत नाहीत.

दुसरी गाठ संख्येची. ४३५ हा आकडा १९११ च्या कायद्यातून आला आणि १९२९ मध्ये पक्का झाला. आज एका सदस्यामागे सरासरी ७ लाख ६० हजार लोक आहेत. सहा राज्यांना एकेकच जागा आहे. तिथे प्रमाणशीर वाटप अशक्य. राज्यशास्त्रज्ञ राइन तागेपेरा यांनी दाखवलेल्या सूत्राप्रमाणे लोकसंख्येच्या घनमुळाइतके सभागृह धरले, तर अमेरिकेला सुमारे ६९० सदस्य हवेत. ‘अजून अडीचशे राजकारणी’ ही घोषणा मतदारांपुढे न्यायला मात्र कोणी उत्सुक नाही.

तिसरा प्रश्न वंशीय प्रतिनिधित्वाचा. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीय बहुसंख्या असलेले मतदारसंघ आखून अनेक जागा मिळाल्या. बहुसदस्यीय मतदारसंघांत तो हक्क बळकट होईल की पातळ? कायद्याच्या अभ्यासक लानी गिनिअर यांनी तो बळकट होईल असे मांडले. १९९३ मध्ये न्यायखात्यातल्या मोठ्या पदासाठी त्यांचे नाव आले तेव्हा याच लिखाणावरून वादळ उठले आणि क्लिंटन यांनी नाव मागे घेतले. १९८८ मध्ये अलाबामातल्या चिल्टन काउंटीत मते एकवटण्याच्या पद्धतीने कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आला होता. पण मोठ्या राज्यांच्या पातळीवर असा अनुभव नाही.

शेवटचा प्रश्न मतदारांच्या इच्छेचा. तिसरा पक्ष हवा म्हणणे वेगळे आणि पद्धत बदलायला मत देणे वेगळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवाडा, कोलोराडो, आयडाहो आणि ओरेगन या राज्यांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले; अलास्कात तो रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला. त्याच दिवशी ओरेगनमधल्याच पोर्टलंड शहराने तीन-तीन सदस्यांच्या चार प्रभागांतून बारा नगरसेवक प्रमाणशीर पद्धतीने निवडले. बायर यांचे विधेयक त्यानंतरच्या काँग्रेसमध्येही पुन्हा आले, पण सभागृहात मताला पडलेले नाही. १९६७ ची एकसदस्यीय सक्ती तशीच आहे. ती साध्या बहुमताने उठवता येते, आणि हे बहुमत ज्यांनी द्यायचे ते ४३५ जण तिच्याच जोरावर निवडून आलेले आहेत. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. संसदीय अमेरिकेचा एकही प्रस्ताव अजून त्या पहिल्या पायरीपर्यंत गेलेला नाही. त्यामुळे येत्या काही वर्षांत या वादाला नवा पुरावा मिळालाच, तर तो वॉशिंग्टनपेक्षा पोर्टलंडसारख्या शहरांच्या नगरसभांतून मिळण्याचा संभव अधिक.